भिंतीवरचे हे आणि डबीतले हे

गारखेडा, औरंगाबाद
१४ नोव्हेंबर १९६६

कडूबा भाऊजींना आशाबाईचा नमस्कार.

अक्षर ओळखू येणार नाय. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाय. तुमच्या भावाचं तुमच्याशी वाकडं आल्यावर मी कोण मधी लिहिणार?

काम सांगते आणि पत्र बंद करते. फेब्रुवारीत ह्यांचं वर्षसराद्ध हाय. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या मायनं, हट्ट धरलाय की भिंतीवर बद्रीचा फोटो पायजे, हार घातलेला, आणि त्याच्यापुढं पान वाढायचं. पिशोरहून सगळी भावकी येणार. मी म्हणलं, फोटो कुठून आणू? तर म्हणतात, "मग भावकीला काय खिळ्याच्या पाया पडायला लावू?" खिळा त्यांनी दसऱ्यालाच ठोकून घेतलाय. येता-जाता त्याच्याकडं बघतात.

तुम्हाला ठाऊकच हाय, ह्यांचा फोटो नाय. दिव्याखाली अंधार. सगळ्या औरंगाबादचे फोटो काढले, गोऱ्या पाव्हण्यांना वेरूळचा हत्ती दोन भिंगांच्या डबीत घालून दाखवला, आणि स्वतः सदा कॅमेऱ्याच्या मागं. आमचं लगीन पोलीस ॲक्शनच्या पुढल्या साली झालं. तवा फोटो कोण काढतंय!

पण एक निघालाय. तो मी काढलाय.

ह्यांच्या दोन डोळ्यांच्या, एका दाबात दोन फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात शेवटचा रोल तसाच व्हता. कॅमेऱ्याची पेटी मी उघडतच नव्हते. श्रावणात उघडली आणि रोल मुंबईला धुवायला लावून दिला, हे लावायचे तसाच, त्याच पत्त्यावर. धुवून आला. त्यात वेरूळचे खांब हायत, एक घुबड हाय आणि शेवटी हे हायत.

त्या दिशी हे अंगणात सायकलीची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधत बसले व्हते. मला म्हणाले, रोलात एक उरलाय, आज तू दाब. मी कॅमेरा धरला तो वाकडा. तसा हात पुढं करून ओरडले, "अगं सरळ धर, नायतर एका डोळ्यात एक नवरा दिसंल आणि दुसऱ्यात दुसरा!" मला हसू आलं. हसता हसता दाबलं. त्याच हप्त्यात ह्यांना ताप आला. तिसऱ्या दिशी गेले. तापानं माणूस जातो का? गेला.

आता अडचण अशी की ती फिल्म तसल्या जातीची हाय, तिला निगेटिव्ह नसती. जी फिल्म तीच तसवीर, रंगासकट. उजेडापुढं धरायची आणि बघायची. भिंतीवर लावायला कागद पायजे. गुलमंडीवर फोटोवाल्या मुनीरभाईला दाखवली. तो भला माणूस, लई वेळ भिंगातून बघत बसला आणि म्हणला, "भाभी, इसका कागद बनता, मगर ये हाथ निकालना पडता. हाथ इत्ता बडा आ रा, चेहरे कू खा रा." व्हय, कॅमेऱ्याच्या जवळ आलेला हात, तो कागदावर बत्त्याएवढा दिसतो. मी म्हणलं विचार करून सांगते, आणि घरी घेऊन आले. परक्याच्या हाती कात्री द्यायला मन व्हईना.

म्हणून तुम्हाला लिहिते. कागदाचं काम तुमच्यासारखं कुणाला येत नाय, हे तुमचे भाऊ बी म्हणायचे. तुमच्या तोंडावर नसतील म्हणले. तुम्ही म्हणायचा, गिऱ्हाइकाला फोटो भिंतीवर पायजे, डबीत नको. हे म्हणायचे, कागदावर माणूस भाकरीवाणी थापला जातो, डबीत दोन डोळ्यांनी बघितला की उठून उभा राहतो. त्यावरून दोघं भाऊ वेगळे झालात. फोटो मोठे करायचं मशीन तुम्ही परभणीला नेलं, दोन डोळ्यांचा कॅमेरा इथं राहिला. कोण खरं, कोण खोटं, मला त्यात पडायचं नाय.

हे गेल्याची तार तुम्हाला मिळाली व्हती, मला ठाऊक हाय. तुम्ही आला नायत. त्यावर मला काय म्हणायचं नाय. हे रागानं लिहिते असं समजू नका. मला आताशा कशाचंच काय वाटत नाय. बाया इचारतात, कशी हायस? मी म्हणते, बरी हाय. ते खोटं नसतं. दुखत कुठंच नाय. लई वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटत नाय, तसं सगळ्या अंगाचं झालंय. भाकरी थापते, पाणी भरते, रात्री झोप बी लागती.

करता का ते कळवा. नाय म्हणलात तर मुनीरभाईकडं देईन.

आशाबाई


गारखेडा
५ डिसेंबर १९६६

कडूबा भाऊजी,

तुमचं कार्ड पोचलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. तार मिळाल्यावर तुम्ही गाडीत बसला व्हता, जालन्यापर्यंत आला व्हता, तिथं उतरून दिवसभर फलाटावर बसला आणि उलट्या गाडीनं परत गेला, हे बी वाचलं. आत्याबाई एवढंच म्हणल्या, "जालन्याला काय ठेवलं व्हतं त्याचं?" मग उठून कोंबड्या कोंडायला गेल्या. त्यांच्या मनात काय असतं, देव जाणे.

तुम्ही लिहिलंय, दादानं साध्या निगेटिव्हवर काढला असता तर आज शंभर फोटो निघाले असते, घरोघरी देता आले असते. निघाले असते. मी नाय म्हणत नाय. तुम्ही लिहिलंय, दोन्ही तुकडे पाठवा, जो साफ असंल त्यावरून करतो. त्याचंच सांगते.

रोल मुंबईहून अख्खा येतो, कापायचा आपण. कोपरा कापून डाव्याची खूण करायचं काम माझंच असायचं, पण जोडी लावायचे हे. एका फोटोचे दोन तुकडे फिल्मवर शेजारी-शेजारी नसतात, मधी दुसऱ्यांचे दोन असतात. इतकी वरसं ह्यांच्या शेजारी बसून बघितलं, वाटलं मला येतं. कापलं, काचांच्या मधी बसवलं, डबीत घातलं, बटण दाबलं.

भाऊजी, मी डावं उजवीकडं लावलं व्हतं. तसं लावलं की काय व्हतं ते तुम्हाला सांगायला नको. मागची भिंत पुढं आली, आणि त्या भिंतीच्या पलीकडं, आत, खोल, हे. मुखवटा पाठीमागून बघावा तसं तोंड, नाक आत गेलेलं. हात पुढं यायच्या जागी पार लांब गेलेला. अंगणात ह्यांच्या आकाराचा खड्डा पडलेला.

मी ते किती येळ बघत बसले, सांगता येत नाय. रडले नाय. घाबरले बी नाय. मनात म्हणलं, बरोबरच हाय की, आता असंच हाय. मग आत्याबाईंनी चहा ठेवू का म्हणून आवाज दिला, तवा काचा उघडल्या आणि तुकडे बदलून बसवले.

पुन्हा बघितलं तर हे पुढं. घमेल्यातलं पाणी हलतंय असं वाटतं. बनियनला बगलंत भोक पडलंय ते दिसतं, मी शिवायचं राहिलेलं. आणि हात असा बाहेर येतो की मी मान मागं घेतली. खरंच घेतली, एकटी बसलेली असताना. तुम्ही हसाल.

आत्याबाईंना बी दाखवलं. त्यांचा डावा डोळा पोलीस ॲक्शनच्या साली ज्वारीचं धाट लागून गेला, तुम्ही तवा शाळंत व्हता. एका डोळ्याच्या माणसाला डबीचा काय उपयोग? त्यांनी डोळा लावला, हळूहळू सगळीकडं फिरवला आणि म्हणल्या, "हाय गं. पण बारीक हाय. आन् बटण सोडलं की जातो." मग म्हणल्या, "मला एकच डोळा, मला एकच तुकडा पुरं. एक कडूबाकडं लाव. दुसरा तू ठेव."

मला पटलं व्हतं. वाट्याला वाटा. पाकीट बी आणलं. पण एकच तुकडा ठेवून डबीत बघितलं तर दुसऱ्या डोळ्याला नुसता पांढरा उजेड, आणि हे गेले. फोटो व्हता, हे नव्हते. म्हणून ठरवलं, जोडी फोडायची नाय. गेली तर दोन्ही जातील, राहिली तर दोन्ही राहतील.

पोस्टावर माझा भरवसा नाय. डबीसकटच पाठवते, आत बसलेली असली म्हंजे काचंला धक्का लागत नाय. यष्टीवरचा फकिरा ड्रायव्हर परभणीच्या गाडीवर असतो, ह्यांचा दोस्त, त्याच्या हाती देते. बटणाला बोट लावून ठेवू नका, सेल उतरतात. आणि काम झालं की त्याच्याच हाती परत. हे दोनदा लिहिते, परत.

आशाबाई


३० डिसेंबर १९६६

भाऊजी,

फोटो आला. फ्रेमसकट आला, काच शाबूत. फकिरानं दारातच सोडला आणि आत आला नाय, डोळे पुसत गेला.

हात तुम्ही काढून टाकला. ठीक हाय, मुनीरभाई बी तेच करणार व्हता. पण भाऊजी, कोट? आणि फेटा? ह्या माणसानं जल्मात कोट घातला नाय. लग्नात सासऱ्यानं शिवलेला बी तिसऱ्या दिशी चुलतभावाला देऊन टाकला. ब्रशानं काढलाय ना? काम नीट हाय, बटणं अगदी खरी वाटतात. घमेलं गेलं, सायकल गेली, भोकाचं बनियन गेलं. मागं नुसतं ढगासारखं धुकट केलंय. तोंड तेवढं ह्यांचं. ते ओरडत व्हते म्हणून तोंड जरा उघडं, ते तुम्ही मिटवलं का? मिटल्यावाणी दिसतं.

आत्याबाई खूश हायत. बोट लावून लावून बघितलं. "पाटलावाणी दिसतो," म्हणल्या. खिळ्याला टांगला, झेंडूचा हार घातला, आणि येईल त्या बाईला हात धरून आत आणतात. सरूबाई आली, दगडाबाई आली. सगळ्या म्हणल्या, हुबेहूब. एकीनं तर पदर तोंडाला लावला. मी चहा केला.

मला काय वाटलं म्हणाल तर काय नाय. स्वैपाकघरातून येता-जाता दिसतात. ते सगळ्यांकडंच बघतात, माझ्याकडं बी बघतात. सगळ्यांना दिसतात हे बरंच झालं. आत्याबाई सकाळी उठून त्यांच्याशी बोलतात, रात्री थंडी लई व्हती असं सांगतात. कागदाचा हा गुण मला मान्य. हे असते तर मी तोंडावर म्हणले असते, कडूबा भाऊजींचं बी खरं हाय.

डबी फकिराच्या हाती आली नाय. तो म्हणला, भाऊ म्हणाले पुढल्या खेपंला देतो. पुढली खेप मंगळवारी हाय.

आशाबाई


१४ जानेवारी १९६७

कडूबा भाऊजी,

आज संक्रांत हाय, गोड बोलायचा दिवस. आमच्या घरात औंदा सण नाय, तवा मला गोड बोलायची सक्ती बी नाय.

तुमचं पत्र फकिरानं दिलं. डबी दिली नाय. पत्र मी उभ्यानं वाचलं. तुम्ही लिहिता, वहिनी, कागद पायजे तितके मागा, मोठे मागा, पिशोरच्या घरोघरी देतो, रंग भरून देतो. फक्त डबी माझ्याकडं राहू द्या. दुकान बंद केल्यावर रोज बघतो. दादा माझ्याकडं हात करतो, ये म्हणतो. इतक्या वरसांनी म्हणतो.

भाऊजी, मला राग आला.

तुम्हाला ह्याचं काय कळणार नाय, पण वरीस व्हत आलं आणि मला पहिल्यांदा काहीतरी आलं. आधी वाटलं जीव घाबरा झालाय. कानशिलं तापली. हातात पितळी व्हती ती मी भिंतीवर फेकली. आत्याबाई धावत आल्या, म्हणल्या मांजर का? मी म्हणलं, तुमचा धाकटा! मी असं मोठ्यानं बोललेलं त्यांनी लई दिसांत ऐकलं नव्हतं. त्यांनी पितळी उचलली, पोचा आला व्हता तो बघितला, आणि माझ्या हातात परत दिली. म्हणल्या, "आनखी फेक." मग मी रडले. मग पुन्हा राग आला. अजून हाय, म्हणून लिहायला बसले.

जल्मभर कोण म्हणत व्हतं, डबी म्हंजे पोरखेळ? फोटो म्हंजे कागद, चार माणसांनी एकदम बघायचा? दोघा भावांची चूल त्यावरून फुटली. आणि आता तुम्ही आम्हाला कागद देता आणि डबी आपल्याजवळ ठेवता! लबाड कुठले. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्हीच शिव्या घातल्या असत्या.

तुमच्या काळजात काय चाललंय हे मला कळत नाय असं नाय. जालन्याच्या फलाटाचं मी विसरले नाय. सख्खा भाऊ गेला, बोलायचं राहिलं, आणि आता तो समोर हात पुढं करून बसलाय. कुणालाबी वाटंल, आपल्याला बोलवतोय. मी तुमच्या जागी असते तर मी बी डबी ठेवून घेतली असती. पण म्हणून ते खरं व्हत नाय.

तो हात तुम्हाला ये म्हणत नाय. तुमचं नाव बी त्या दिशी निघालं नव्हतं. वाईट वाटंल, वाटू द्या. मी तिथं व्हते, मला ठाऊक हाय. ते म्हणत हायत, अगं सरळ धर.

तुम्हाला माफी पायजे तर ती डबीत नाय. घरात एक एकडोळी म्हातारी हाय, तिच्याकडं असली तर असंल. मला बी तुम्हाला काय द्यायचं असंल तर ते तुम्ही समोर आल्यावर, आणि आधी चार शब्द ऐकून घेतल्यावर. वर्षसराद्ध ११ फेब्रुवारीला शनिवारी हाय. डबी फकिराच्या हाती नको, पोस्टानं नको. तुमच्या हातानं आणा. गाडी जालन्याला थांबली की खाली उतरू नका. आला नायत तर रविवारी मी परभणीला येईन आणि भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तुमच्या हातातून घेईन. मी येते का नाय ते बघाच.

आणि एक सांगते, हे नीट वाचा. तुम्ही कारागीर हाय, तुम्हाला कळंल. भिंतीवरचा कागद कुणी कुठूनबी बघावा. दारातून बघा, चुलीपासून बघा, हे जिथले तिथं. डबीचं तसं नाय. डबीला डोळे लावले की माणूस नेमका तिथंच उभा राहतो, कॅमेरा जिथं धरला व्हता तिथं. तितकाच उंच, तितकाच लांब. तो कॅमेरा माझ्या हातात व्हता. रोज रात्री दुकान बंद करून तुम्ही आमच्या अंगणात माझ्या जागंवर उभे राहता, आणि मला म्हणलेलं तुम्ही ऐकता.

सरा तिथून. माझ्यावर ओरडू द्या त्यांना.

आशाबाई